आठ उलटे बाण

"तुम्हाला गोल काढता येतो का?"

प्रश्न खालून आला तेव्हा ती शिडीवर होती आणि तिच्या दातांत बारीक ब्रश होता, त्यामुळे लगेच उत्तर देता आलं नाही. कॉलेजच्या एका दारावरच्या 'ग्रंथालय' मधला शेवटचा 'य' पुरा करून तिनं ब्रश तोंडातून काढला आणि खाली पाहिलं. पांढरा कोट, कोटाच्या खिशाला निळा डाग, हातात गुंडाळलेला कागद. चेहरा तसा बरा होता, पण कुणीतरी आत्ताच झोपेतून उठवल्यासारखा.

"केवढा गोल?" ती म्हणाली. "बांगडीएवढा, ताटाएवढा, की गाडीच्या चाकाएवढा?"

"भिंतीएवढा."

"भिंत चौकोनी असते."

"मग भिंतीत मावेल एवढा." त्यानं कागद उलगडून वर धरला. वारं होतं, कागद त्याच्याच तोंडावर आला. तो कागदाआडूनच बोलत राहिला, "नवी प्रयोगशाळा झाली आहे. तिच्या मोठ्या भिंतीवर हे काढून हवंय. पुढच्या गुरुवारी समिती बघायला येणार आहे."

ती हसली. कागद मधे असल्यामुळे त्याला ते दिसलं नाही.

तो त्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायचा. येऊन वर्षही झालं नव्हतं. पेशी अन्नातून ऊर्जा कशी काढते, ते सायट्रिक आम्लाचं चक्र हा त्याचा जीव की प्राण. धडा कुठलाही असो, गाडी फिरून त्या चक्रावरच यायची. म्हणून मुलं त्याला पाठीमागं 'चक्रम सर' म्हणायची. त्याला ते माहीत होतं. चक्र शिकवणारा चक्रमच असणार, असं तो स्वतःच सांगून मोकळा व्हायचा.

ती पाट्या रंगवणाऱ्या पेंटरची मुलगी. बाजाराच्या गल्लीत त्यांचं एका खोलीचं दुकान होतं, आणि आसपासच्या निम्म्या पाट्या तिच्या वडलांच्या हातच्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचा हात कापायला लागला. सरळ रेघ ओढायला गेले की रेघेला लाटा यायच्या. तेव्हापासून सगळं काम तीच करत होती, पण गिऱ्हाईक यायचं ते वडलांचं नाव ऐकून. म्हातारा बाकावर बसलेला दिसला म्हणजे लोकांचं समाधान व्हायचं.

तिच्या काकांचा त्या खोलीवर डोळा होता. त्यांच्या जावयाला छपाईचं यंत्र लावायचं होतं. "पोरगी काय, आज ना उद्या लग्न होऊन जाईल," ते भावाला म्हणायचे. "आणि हातानं रंगवलेली पाटी आता लागते कुणाला?"

वडील ऐकून घ्यायचे. पण कॉलेजच्या भिंतीचं काम आलं त्या संध्याकाळी ते बोलले.

"ही भिंत तुझी. मी तिकडं फिरकणारसुद्धा नाही. कॉलेजनं काम पसंत असल्याचं पत्र दिलं तर दुकान तुझं, हे मी भावासमोर सांगतोय. नाही दिलं तर..."

ते तिथं थांबले. काकांनी वाक्य पुरं केलं. "नाही दिलं तर एक तारखेला यंत्र आणतो."

*

मोठं चित्र भिंतीवर थेट काढत नाहीत. आधी मोठ्या कागदावर काढायचं, मग रेघांवरून सुईनं बारीक भोकं पाडत जायचं. तो टोचलेला कागद भिंतीवर लावायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्याच्यावर हलकी हलकी आपटायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांचं चित्र उरतं. कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लाल टिंब द्यायचं, म्हणजे सुलटी बाजू कळते. हे सगळं तिला वडलांनी शिकवलं होतं.

गोल, गोलावर सारख्या अंतरानं आठ चौकटी, आणि दोन-दोन चौकटींच्या मधे एक-एक बाण. एवढंच तिनं टोचून आणलं. नावं आणि बाकीचं ती नुसत्या हातानंच काढणार होती.

"एक टोक धरता का?" ती म्हणाली. "एकटीला झेपायचं नाही."

तो स्टुलावर चढला. कागद एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाताना बोटं बोटांना लागली, आणि दोघंही एकाच वेळी "सॉरी" म्हणाले. कागद सुटला, जमिनीवर पसरला. दोघांनी वाकून तो उचलला, पुन्हा भिंतीला लावला, आणि नंतर बराच वेळ नुसता पुरचुंडीचा आवाज येत राहिला... ठप, ठप, ठप.

"तुम्हाला काय म्हणायचं?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं. "पेंटरबाई?"

"नको. चाळिशीची वाटते."

"मग?"

"काहीच म्हणू नका. नुसतं खोकलात तरी मला कळेल."

दुसऱ्या दिवशी तिनं गोल, चौकटी आणि बाण रंगवून टाकले. बाण लाल. तिसऱ्या दिवशी पहिली चौकट घेतली आणि शिडीवरूनच विचारलं, "हे जे लिहायचंय, ते काय आहे?"

"नाव आहे. तुम्ही नुसतं उतरवा."

"नुसतं उतरवत नाही मी. अर्थ कळला की अक्षर केवढं काढायचं ते कळतं."

आजवर त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. परीक्षेला कितपत येणार, एवढंच मुलं विचारायची. तो पुढं आला, शिकवायच्या सवयीनं भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि तिच्याकडं तोंड करून सांगू लागला.

"आपण काहीही खाल्लं, गोड, पिठूळ, तेलकट, तरी ते तुटत तुटत शेवटी दोन कार्बनच्या एका लहानशा तुकड्यावर येतं. तो समजा पाहुणा. त्याला घ्यायला दारात घरचा माणूस उभा असतो, चार कार्बनचा. त्याचं नाव ऑक्झॅलोॲसिटेट."

"पाहुण्यानं नाव विचारलं तर तिथूनच परत जाईल."

"नाही जात. दोघं एकमेकांना धरतात. चार आणि दोन, सहा कार्बन. ते झालं सायट्रेट. लिंबात आंबट असतं ना, तेच."

"लिंबाचं आंबट माझ्या अंगात?"

"सगळ्यांच्याच."

"तुमच्यात कमी दिसतं," ती म्हणाली. "आमच्या काकांत भरपूर आहे."

तो हसला, आणि कुठं होतो ते विसरला. मग आठवून पुढं म्हणाला, "तर दोघं फिरायला निघतात. वाटेत एक कार्बन सुटतो, थोडं पुढं आणखी एक. आपण श्वास बाहेर सोडतो त्यात तेच निघून जातात. उरले किती?"

"चार."

"चार. त्या चारांची आणखी थोडी उलथापालथ होते, आणि पुन्हा तोच घरचा माणूस दारात उभा. पुढच्या पाहुण्यासाठी."

तिनं ब्रश थांबवला. "म्हणजे शेवटी घर होतं तसंच?"

"होतं तसंच."

"मग एवढं फिरून मिळालं काय?"

या प्रश्नाची तो वर्षभर वर्गात वाट बघत होता. "फिरताना हायड्रोजन निघत जातो. तो उचलून नेणारे हमाल असतात, ते तो शेजारच्या खोलीत पोचवतात. ऊर्जेचा मोठा भाग तिथं तयार होतो. श्वासातला ऑक्सिजन लागतो तोही तिथंच."

"म्हणजे दळण इथं आणि चूल शेजारी."

त्यानं खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं. "हे मी उद्या वर्गात सांगणार."

"सांगा. पण कुणी सांगितलं तेही सांगा."

त्यानं खरंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या खिडकीतून आठ-दहा डोकी आत डोकावली, आणि त्यातल्या एका मुलीनं अगदी साळसूदपणे विचारलं, "सर, ती शेजारची चूल म्हणजे ह्याच का?" तो खिडकी लावायला धावला. शिडीवर तिनं तोंडात ब्रश धरला, म्हणजे हसू येऊ नये.

*

आठवडा असा गेला. तो तास संपला की यायचा. कधी चहा घेऊन, कधी नुसताच. रोज एक-दोन चौकटी आणि रोज पाहुण्याची पुढची गोष्ट. ती लिहायची, तो भिंतीला टेकून बोलायचा.

"तुम्ही शिडी चढता ना," एकदा तो म्हणाला, "तेव्हा तुमच्या पोटऱ्यांमधे हे चक्र भराभर फिरायला लागतं."

"माझ्या पोटऱ्यांशी तुम्हाला काय करायचंय?"

"नाही... म्हणजे... उदाहरण म्हणून."

"उदाहरण स्वतःच्या पोटऱ्यांचं द्यावं."

तो कानापर्यंत लाल झाला. तिलाच दया आली. तिनं विषय बदलला. "सगळ्यात जास्त कुठं फिरतं हे?"

"जिथं काम थांबत नाही तिथं. हृदयात. तिथल्या पेशींत तर हे दळण दळणाऱ्या गिरण्या ठासून भरलेल्या असतात. त्याला सुट्टीच नाही."

"बिचारं."

"हो. आणि शिडीजवळ उभं राहिलं की त्याचं काम जरा वाढतं."

ब्रश भिंतीवर टेकलेला तसाच राहिला. "शिडी पडेल म्हणून?" तिनं खाली न बघता विचारलं.

त्यानं शिडीचा पाय उगाच एकदा हलवून बघितला.

"हो," तो म्हणाला. "शिडी पडेल म्हणून."

त्या दिवशी 'फ्युमारेट'चा 'फ्यु' तिला दोनदा पुसावा लागला.

मंगळवारी संध्याकाळी काम संपलं. वर ठसठशीत अक्षरांत मथळा होता: 'पेशीतले ऊर्जाचक्र : माणूस, प्राणी आणि वनस्पती'. बुधवारी सकाळी प्राचार्या आल्या. बाई मूळच्या भूगोलाच्या, बोलणं मोजकं. त्यांनी चष्मा वर-खाली करत नावांची अक्षरं एकेक तपासली, खुर्ची मागवली, तिथंच बसून पत्र लिहिलं आणि सही केली. 'काम पसंत आहे.'

ती पत्र घेऊन निघणार होती. पण शिडी आत राहिली होती, म्हणून एकटीच परत आत गेली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. तिला वाटलं, आता जायचंच आहे तर एकदा सगळं डोळे भरून बघावं. बोट दाखवत ती पाहुण्याची गोष्ट मनातल्या मनात म्हणू लागली. पाहुणा आला. घरच्या माणसानं धरलं. सहा झाले, सायट्रेट. तिथून पुढं...

बोट उजवीकडं गेलं. बाण डावीकडं बघत होता.

तिनं पुन्हा सुरुवात केली. आयसोसायट्रेट. बाण मागं. त्याच्या पुढचं, मागं. आठही बाण मागं. नावं बरोबर होती, चौकटी बरोबर होत्या, बाहेर पडणारे दोन कार्बन तिनं हातानं काढले होते तेही जागच्या जागी होते. फक्त चाक उलटं फिरत होतं.

कोपऱ्यात टोचलेला कागद गुंडाळून ठेवला होता. तिनं तो उलगडून गोलावर धरला. ठिपके जुळायला लाल टिंब भिंतीकडं आणि डाव्या हाताला करावं लागत होतं. कागद खाली पडला तेव्हाच तो उलटा उचलला गेला होता. अक्षरांचा कागद उलटा लागला तर लगेच कळतं. गोल उलटा लागला तर गोलच दिसतो. आणि ती जन्मभर अक्षरांचे कागद लावत आलेली, गोलाचा हा पहिलाच.

ती स्टुलावर बसली. पत्र मांडीवर होतं. घरी वडील बाकावर बसून वाट बघत असतील. काकाही असतील.

तेवढ्यात तो आला. हातात दोन कप चहा.

"पत्र मिळालं ना?" तो खुशीत म्हणाला. मग तिचा चेहरा बघून थांबला. "काय झालं?"

"बाण बघा."

त्यानं बघितलं. आधी नुसतं, मग नीट. कप टेबलावर ठेवताना चहा सांडला. हा माणूस झोपेत विचारलं असतं तरी हे चक्र न चुकता म्हणाला असता.

"सगळे," तो म्हणाला.

"सगळे."

तो येरझारा घालू लागला. मग एकदम वळला. "एक सांगू? काही जिवाणू असतात, त्यांच्यात हे चक्र खरंच उलटं फिरतं. खोटं नाही, पुस्तकात आहे. उद्या कुणी विचारलंच तर सांगता येईल की आम्ही ते चक्र—"

"त्या जिवाणूंचे दोन कार्बन कुठं जातात?"

त्यानं भिंतीवरच्या, बाहेर पडणाऱ्या दोन कार्बनांकडं बघितलं.

"सांगा ना."

"ते... आत घेतात. बाहेर सोडत नाहीत."

"मी बाहेर सोडलेत. शिवाय वर लिहिलंय माणूस, प्राणी आणि वनस्पती. त्यात जिवाणू कुठं बसवता?"

"मला फक्त..." त्यानं पत्राकडं बघितलं. दुकानाची गोष्ट तिनं त्याला चहा पिता पिता कधीतरी सांगितली होती. "मला वाटलं, तुमचं पत्र जायला नको."

"मलाही तेच वाटत होतं. तुम्ही यायच्या आधी अर्धा तास तेच वाटत होतं." ती उठली. "पण मुलं मान वर करून हे बघणार आणि उलटं शिकणार. पाटी रंगवताना लोकांना वाट दाखवायची असते, चुकवायची नसते. चला, बाईंकडं जाऊ."

*

प्राचार्यांनी पत्र हातात घेतलं, मागून-पुढून बघितलं, टेबलावर ठेवलं. "म्हणजे दिशा उलटी."

"हो बाई," ती म्हणाली. "चूक माझी आहे. कागद मी उलटा लावला. आज दुपारभर काम केलं तर आठही बाण नीट होतील. झाले नाहीत तर हे पत्र मला नको."

"मी पंचवीस वर्षं भूगोल शिकवला," प्राचार्या म्हणाल्या. "आणि आज मी फक्त नावांची अक्षरं तपासली, दिशा नाही. तेव्हा थोडी चूक माझ्याकडंही येते." मग त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. "पण सर, तुमचं काय? तुम्ही आठ दिवस रोज त्या भिंतीपाशी उभे होतात. हा विषय तुमचा. तुम्हाला कसं दिसलं नाही?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. तो आधी पंख्याकडं बघत होता, मग टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलाकडं, मग त्याला बघायला काही उरलं नाही.

"मी भिंतीकडं बघत नव्हतो, बाई," तो म्हणाला.

प्राचार्यांनी विचारलं, "मग कुठं—" आणि वाक्य अर्ध्यावर सोडलं. त्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं. ती स्वतःच्या नखांतला लाल रंग खरवडत होती, फार मन लावून.

"बरं," प्राचार्या म्हणाल्या. "हे लेखी द्यायची गरज नाही. पत्र माझ्याकडं राहू दे. उद्या दहाला समिती येईल, त्याआधी मी स्वतः बाण मोजीन. या आता."

बाहेरच्या व्हरांड्यात दोघं शेजारी शेजारी चालत होते. मधे एक माणूस जाईल एवढं अंतर होतं.

"मी आत जे म्हणालो..." तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"मग?"

"मग आधी आठ बाण."

जुना बाण आधी भिंतीच्या रंगानं झाकायचा, तो वाळल्याशिवाय नवा काढता येत नाही. आणि हवा ओली. दोन बाण झाकून झाल्यावर तिनं बोट लावून बघितलं आणि मान हलवली. असं दोन दिवसांतही व्हायचं नाही.

तो तडक बाहेर गेला आणि काचेची भांडी वाळवायचा गरम हवेचा पंखा घेऊन आला.

"लांबून धरा," ती म्हणाली. "जवळ नेलात तर रंगाला फोड येतील."

"एवढ्यावर?"

"आणखी मागं. आणखी. हां... आणि आता तरी भिंतीकडं बघा."

"बघतोय."

"मला कळतं कुठं बघताय ते. गरम हवा मानेला लागतेय माझ्या."

दुपारभर हेच चाललं. ती झाकायची, तो वाळवायचा, ती काढायची. प्रत्येक नव्या बाणापूर्वी ती त्याच्याकडून म्हणवून घ्यायची. कुठून कुठं? तो सांगायचा, ती ऐकायची, मगच ब्रश टेकवायची. सहाव्या बाणाला त्याचा हात भरून आला. त्यानं हात बदलला. "माझ्या दंडात आता चक्र जोरात चालू आहे," तो म्हणाला.

"हे बरोबर उदाहरण," ती म्हणाली.

साडेपाचला आठवा बाण झाला. तिनं शिडीवरून उतरून लांबून बघितलं, बोट फिरवत गोष्ट सुरुवातीपासून म्हटली. या वेळी बोट आणि बाण बरोबर चालले. पाहुणा आला, फिरला, दोन कार्बन बाहेर पडले, घरचा माणूस दारात. तोही तिच्या शेजारी उभा राहून बघत होता. खरोखरच भिंतीकडं.

*

गुरुवारी समिती आली आणि गेली. भिंतीपुढं त्यांच्यातले एक गृहस्थ बराच वेळ उभे होते. शेवटी म्हणाले, "मी कॉलेजात असताना हे असं कुणी काढून दाखवलं असतं तर एवढं पाठ करावं लागलं नसतं." प्राचार्यांनी बाण सकाळीच मोजले होते. दुपारी त्यांनी जुनं पत्र फाडलं आणि नवं लिहून तिच्या हातात दिलं.

ती दुकानात पोचली तेव्हा वडील बाकावर होते आणि काका खोलीची लांबी पावलांनी मोजत होते. पत्र काकांनीच घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. "'भिंतीचे काम पसंत आहे. कामात एक चूक झाली होती. ती कुणाच्याही लक्षात आली नव्हती. काम करणाऱ्या मुलीने ती स्वतः येऊन सांगितली व वेळेत दुरुस्त केली.'" काकांनी चष्मा काढला. "घ्या. सरळ लिहिलंय, चूक झाली. स्वतःच्या नावावरच्या पहिल्याच कामात."

वडलांनी हात पुढं केला. त्यांनी पत्र मागून घेतलं. हात कापत होता, कागदही कापत होता. त्यांनी ते सगळं पुन्हा स्वतः वाचलं, सावकाश.

"माझ्या तीन पाट्या चुकल्या," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत तीन. तिन्ही अजून लटकतायत. कुणाला कळलं नाही, मी सांगितलं नाही. त्या तीन गल्ल्यांनी मी अजूनही जात नाही, लांबून वळसा घालतो." त्यांनी पत्राची घडी घातली. "हिला कुठल्याच गल्लीला वळसा घालावा लागणार नाही. यंत्र दुसरीकडं बघ तू."

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग जरा चिडून म्हणाले, "आणि तो कॉलेजातला मास्तर काय करत होता आठ दिवस? डोळे मिटून बसला होता?"

तिनं रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट करायला घेतलं. वडलांनी डब्याकडं बघितलं. झाकण आधीच घट्ट होतं.

मास्तर आला तो नेमका तेव्हाच. दारात येऊन उभा राहिला. आज पांढरा कोट नव्हता आणि केस ओले करून बसवलेले होते.

"या," वडील म्हणाले. "काय रंगवायचंय?"

"काही नाही."

"दरवाजा, खिडकी, गाडीचा नंबर?"

"नाही. मी... एक विचारलं होतं. त्याचं उत्तर राहिलंय."

"कुणाला विचारलं होतं?"

तो तिच्याकडं बघत राहिला. लपवायचं ठरवलं असतं तरी त्याला ते जमलं नसतं.

"दुकान सहाला बंद होतं," ती म्हणाली. "सहानंतर मी मोकळी असते."

सगळ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. पावणेसहा. वडील गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्यांनी काकांचा दंड धरला. "चल रे, घरी जाऊ."

"एवढ्यात? आणि दुकान?"

"दुकानाचं मालकीण बघेल," वडील म्हणाले आणि भावाला घेऊन पायरी उतरले.

गल्लीच्या वळणापर्यंत काकांचा आवाज येत होता. मग तोही थांबला. ती दारापाशी आली, गल्लीत दोन्हीकडं नजर टाकली आणि त्याला बाकावर बसायला सांगितलं. मग तिनं ब्रश धुतले, हात पुसले, आणि दुकान पावणेसहालाच बंद करून टाकलं. मालकीण झाल्यावर केलेलं हे तिचं पहिलं काम.